शिक्षकांच्या रकान्यात

चारुलताला भरदुपारी स्वप्नं पडायची, तीही जागेपणी. कुकर लावला की दोन शिट्ट्यांच्या मधल्या वेळात ती कुठल्या कुठे जाऊन यायची. अलीकडे एकच स्वप्न पुन्हा पुन्हा येत होतं. एक मोठं दुकान आहे, काउंटरमागचा माणूस मान वर न करता विचारतो, "टीचर का?" आणि ती म्हणते, "हो." पुढे काही घडतच नाही. माणसं स्वप्नात आकाशात उडतात, हरवलेल्या माणसांना भेटतात. हिला एक साधा होकार पुरत होता. आणि तेवढासुद्धा दोन वर्षांत तिच्या वाट्याला आला नव्हता.

दोन वर्षांपूर्वी तिने बेलापूरच्या विमा कंपनीतली नोकरी सोडली आणि त्याच आठवड्यात जाईला शाळेतून काढलं. जाई तेव्हा सात वर्षांची होती. वर्गात तोंड मिटून बसायची, खिडकीबाहेर बघत राहायची. वहीवर शेरा यायचा, 'लक्ष नसते'. लक्ष होतं, चांगलं टक्क लावून होतं, फक्त खिडकीबाहेर होतं आणि तिकडचे मार्क कोणी देत नाही. पुढे पुढे पोरगी घरीही बोलेनाशी झाली, तेव्हा चारुलताचा धीर सुटला. नवरा अभिराम कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका पेढीवर कामाला. तो म्हणाला, "करून बघ. माझं काही नाही. पण लोकांनी विचारलं कुठल्या शाळेत, तर काय सांगायचं?"

लोकांनी विचारलंच. लोक दुसरं करतात काय? खांदेश्वरच्या त्यांच्या सोसायटीत लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत तीन जण विचारायचे. "मी घरीच शिकवते," असं चारुलता म्हणाली की समोरचा म्हणायचा, "अच्छा, ट्यूशन!" नाही म्हटलं की म्हणायचा, "म्हणजे सध्या घरी असता." सोसायटीच्या अर्जावर व्यवसायाच्या पुढे सेक्रेटरीने तिला न विचारताच 'गृहिणी' लिहून टाकलं होतं. गृहिणी असण्याची तिला लाज नव्हती. पण सकाळी नऊपासून ती जे करत होती त्याला जगात नावच नव्हतं, आणि हे तिला फार लागायचं.

ती करत होती ते असं. शाळा सोडल्यावर तीन आठवडे जाई काहीच बोलली नाही. मग एकदा दुपारी, विमान खिडकीवरून खाली उतरत गेलं, त्याची सावली समोरच्या गच्चीवरून सरकली, आणि ती गेली तिकडे बघत जाईने विचारलं, "आई, भरतीचं पाणी येतं ते आधी कुठं असतं?" चारुलता हातातलं काम टाकून तिच्याशेजारी बसली. तीन आठवड्यांनी आलेला प्रश्न, आणि उत्तर हिला येईना. काहीतरी ठोकून द्यावं असं वाटलं होतं खरं. पण एवढी वाट बघून आलेल्या प्रश्नाला खोटं उत्तर द्यायला तिचं मन धजेना. ती म्हणाली, "मला नाही माहीत. चल, ज्याला माहीत असेल त्याला विचारू."

स्कूटर काढून दोघी सारसोळ्याच्या जेट्टीवर गेल्या. तिथे एक म्हातारे कोळी, आप्पा, जाळं शिवत बसले होते. सत्तरीचे, उन्हाने रापलेले, बोलायला कोणी मिळालं की खूश. "पानी कुटं जात नाय, पोरी," ते म्हणाले. "हिकडं नसतं तवा तिकडं असतं. आज ज्या येळेला आयलंय, उद्या पाऊन तास उशिरा येल. बघ ये उद्या." दोघी दुसऱ्या दिवशी गेल्या. पाणी पाऊण तास उशिराच आलं. जाईच्या तोंडाला जे कुलूप लागलं होतं ते त्या जेट्टीवर निघालं, आणि मग काही लागलं नाही.

तेव्हापासून घराचा तोच नियम झाला. येत नाही त्याला येत नाही म्हणायचं, आणि जाणत्या माणसाकडे जायचं. दुसऱ्या मजल्यावरच्या खदीजा आजी मूळच्या उरणकडच्या. त्यांच्याकडे शिवण आणि उर्दू अक्षरं. रविवारी अभिरामच्या पेढीवर लोखंड आणि भागाकार. चारुलताने दोन वह्या आणल्या, एकीवर 'जाई' लिहिलं, दुसरीवर 'चारुलता', आणि दोघी शेजारी शेजारी बसून लिहीत गेल्या. उधाणाची मोठी भरती आणि भांगाची लहान भरती यात चारुलताने एकदा घोळ घातला तर आप्पांनी जाईसमोर तिला चांगलं फैलावर घेतलं होतं. आणखी एक रीत पडली होती. घरात येणारा प्रत्येक छापील कागद, गॅसचा असो की बँकेचा, जाईने भरायचा. तो तिचा लेखनाचा तास. माहीत असेल तेच लिहायचं, खरं लिहायचं, आणि होईपर्यंत कोणी डोकवायचं नाही.

ते दिवस कसे गेले हे चारुलताला विचारलं तर सांगता आलं नसतं. सगळं पाण्याखालून पाहिल्यासारखं आठवायचं. तिवरांच्या मुळांवर बसलेल्या निवट्या मासोळ्या, त्यांचे बाहेर आलेले डोळे. सकाळच्या धुक्यात पलीकडचा किनारा नाहीसा व्हायचा तो. ओहोटीच्या चिखलातून येणारा बुडबुड्यांचा आवाज. त्या आवाजावरूनच पुढचं सगळं निघालं. आप्पा एकदा सहज म्हणाले, "चिखोल जित्ता हाय." जाईने ते धरून ठेवलं. चिखल जिवंत कसा असेल? डोळ्यांना तर दिसत नाही. मग कशाने दिसेल? चारुलता म्हणाली, "सूक्ष्मदर्शकाने." आणि म्हणून झाल्यावर मनात म्हणाली, आता आली का पंचाईत.

वाशीला एका जुन्या इमारतीत शाळांना प्रयोगाचं सामान पुरवणारं एक दुकान होतं. काचपात्रं, चुंबक, हाडांचा सापळा, सगळं. दारातच पाटी होती, 'शिक्षकांस विशेष सवलत'. ती पाटी बघूनच चारुलताचा जीव हरखला. काचेच्या कपाटात तिला हवा तसा पितळी रंगाचा सूक्ष्मदर्शक होता. पूर्ण किमतीला तो तिच्या आवाक्यात नव्हता. सवलतीत मात्र जेमतेम बसत होता. काउंटरमागे मालक नंदकुमार बसले होते. पांढरे केस, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं.

त्यांनी खरोखरच मान वर न करता विचारलं, "शिक्षिका का?"

"हो," चारुलता म्हणाली.

"कुठली शाळा?"

"मी माझ्या मुलीला घरी शिकवते."

आता त्यांनी मान वर केली. "मग तुम्ही शिक्षिका नाही, ताई. पालक आहात."

चारुलताला तोंडात मारल्यासारखं झालं. पण ती विमा कंपनीत बारा वर्षं काढलेली बाई, लगेच मागे सरणारी नव्हती. "ही सवलत तुम्ही का देता?" तिने विचारलं.

"शिक्षक वर्गासाठी पदरमोड करतात म्हणून."

"मग मी कोणाच्या पदरचं मोडते? मला ना शाळा देते, ना सरकार."

"खरं आहे. पण उद्या प्रत्येक आई येईल आणि म्हणेल, मी पोराला पाढे शिकवते, द्या सवलत. सगळ्याच आया शिकवतात. कुठे रेघ मारू? तुम्हीच सांगा."

हे काही अगदीच चूक नव्हतं, आणि म्हणूनच तिला जास्त राग आला. नंदकुमारांनी ड्रॉवरमधून एक छापील अर्ज काढला. "नियम असा आहे. शाळेचं नाव, शिक्षकांची नावं आणि विषय, विद्यार्थी किती. सोबत संस्थेचं पत्र. हे आणा, मी बघतो." बोलणं कडक होतं, पण अर्ज त्यांनी दोन्ही हातांनी पुढे केला.

अर्ज घरात आला तसा रीतीप्रमाणे जाईकडे गेला. तिने शाईचं पेन घेतलं, हात धुतले आणि गॅलरीत जाऊन बसली. इकडे चारुलता समोरच्या संघप्रियाकडे गेली. संघप्रियाचे कळंबोलीत क्लासेस होते, दहावीचे.

"अगं, मग टेन्शन कसलं?" संघप्रिया म्हणाली. "माझ्या क्लासच्या लेटरहेडवर देते ना लिहून. चारुलता या आमच्याकडे सायन्स शिकवतात. शिक्का मारते, सही ठोकते, विषय संपला."

"पण मी तुझ्याकडे शिकवत नाही."

"तू शिकवतेस की नाही?"

"शिकवते."

"मग झालं तर. खोटं काय त्यात? पत्ता तेवढा माझा."

पत्र दहा मिनिटांत तयार झालं. चारुलताने ते तीनदा वाचलं. 'सौ. चारुलता या अनुभवी विज्ञान शिक्षिका असून.' त्या 'असून'वर तिचे डोळे अडकून राहिले. घरी येऊन ती पलंगावर पडली आणि गरगर फिरणाऱ्या पंख्याकडे बघत तिने ते वाक्य मनात पुन्हा म्हणून पाहिलं. तिला वाटलं, खोलीतलं ऊन थोडं बदललं. आपण उंच झालोय, आपल्या मागे एक मोठा फळा आहे, आणि त्यावर आपलंच अक्षर आहे. छपाईच्या शाईत काय जादू असते कोण जाणे! आपण स्वतःला शंभरदा सांगावं त्यावर विश्वास बसत नाही आणि शिक्क्याच्या एका ओळीवर बसतो.

जाईने अर्ज घडी न घालता फोल्डरमध्ये ठेवला. "बघतेस?" तिने विचारलं. चारुलता म्हणाली, "तिथेच बघू." तिचं ठरलं होतं. पत्र पुढे करायचं, जाईचा अर्ज सोबत द्यायचा तो तिचं मन राखायला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. काचेच्या कपाटांतून उन्हाचे तुकडे भिंतीवर पडले होते, सापळ्याच्या कवटीवर एक पिवळा चौकोन स्थिर थांबला होता. चारुलताने पर्समध्ये हात घातला. तेवढ्यात जाईने टाचा उंचावून फोल्डर काउंटरवर ठेवलंसुद्धा.

"आजोबा, हा मी भरलाय."

नंदकुमारांनी चष्मा बदलला. "अक्षर छान आहे," ते म्हणाले, आणि मोठ्याने वाचू लागले. "शाळेचे नाव: नाव ठेवले नाही. पत्ता: घर, जेट्टी, आणि जिथे जावे लागेल तिथे. शिक्षक: तीन. आप्पा, विषय पाणी, मासे, चंद्र. खदीजा आजी, विषय उर्दू, शिवण, शेवया. बाबा, विषय लोखंड, भागाकार." ते थांबले. पुन्हा रकान्यावरून बोट फिरवलं. "विद्यार्थी: दोन. जाई आणि चारुलता."

त्यांनी अर्ज उलटून मागची बाजूही पाहिली.

"ताई, तुमचं नाव शिक्षकांत नाही," नंदकुमार हळू आवाजात म्हणाले.

चारुलताच्या कानात गरम वारं भरलं. शेजाऱ्यांनी नाही म्हटलं होतं, सेक्रेटरीने नाही म्हटलं होतं, या दुकानाने नाही म्हटलं होतं; ते सगळं तिने पचवलं होतं. पण हिनेसुद्धा? जिच्यासाठी नोकरी सोडली तिनेसुद्धा? तिला पोरीचा राग आला, अगदी खरा राग, आणि त्याच्या मागोमाग इतकं वाईट वाटलं की तिने काउंटरची कड घट्ट धरली.

"चुकून राहिलं असेल," नंदकुमार म्हणाले. त्यांनाही अवघडल्यासारखं झालं होतं. "काय गं, आईचं राहिलं का?"

"नाही," जाई म्हणाली. "आई माझ्या वर्गात आहे. तिची वहीपण आहे. आप्पा तिला ओरडतात."

"मग ती तुला काहीच शिकवत नाही?"

जाईने खूप विचार केला. खोटं लिहायचं नाही तसं खोटं बोलायचंही नाही, हे तिच्या अंगात मुरलं होतं. "मी काही विचारलं की आई म्हणते, मला माहीत नाही, चल. मग आम्ही जातो."

नंदकुमार खुर्चीत मागे टेकले. मग म्हणाले, "मी दुकान काढायच्या आधी एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं, ताई. साताऱ्याकडे. एकतीस वर्षांत वर्गासमोर 'मला माहीत नाही' एकदाही म्हणालो नाही. माहीत नसायचं तेव्हा म्हणायचो, हे परीक्षेला नाही." ते स्वतःशीच हसले, पण ते हसणं फार सुखाचं नव्हतं. मग त्यांनी घसा खाकरला आणि ते पुन्हा मालक झाले. "संस्थेचं पत्र आणलंय का? पत्र असेल तर या अर्जाचं मी बघून घेईन."

चारुलताचा हात अजून पर्समध्येच होता. पत्र बोटांना लागत होतं, गुळगुळीत, चांगल्या कागदाचं. ते बाहेर काढलं की ती अनुभवी विज्ञान शिक्षिका होणार होती. जाई शेजारी उभी राहून तिच्याकडे बघत होती, आणि त्या बघण्यात जराही शंका नव्हती. पत्र जाईने वाचलं असतं. छापलेलं सगळं ती वाचायचीच.

"नाही," चारुलता म्हणाली. "पत्र नाही. अर्जात आहे तेच खरं आहे. मी विद्यार्थिनी आहे."

ज्या एका शब्दासाठी ती इथवर आली होती, तो तिने स्वतःच्या हाताने खोडला होता.

"मग मला सवलत देता येणार नाही," नंदकुमार म्हणाले.

"नका देऊ."

ते उठले आणि आत गेले. आत पुठ्ठ्यांची खडखड झाली. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात तसाच एक सूक्ष्मदर्शक होता, पण एका बाजूने रंग खरवडलेला. "हा शाळांना दाखवायला नेतो तो नग आहे. भिंग उत्तम आहे, रंग गेलाय. वापरलेल्या मालाची जी किंमत होते तीच लावतो." मग बोट उगारून म्हणाले, "ही सवलत नाही. शिक्षक म्हणून मी तुम्हाला एक पैसा सोडलेला नाही, हे लक्षात ठेवा."

"ठेवीन," चारुलता म्हणाली. काचपट्ट्यांची एक डबी त्यांनी पिशवीत टाकली, तिचे पैसे मात्र घ्यायचे विसरले. की विसरल्यासारखं केलं.

घरी न जाता दोघी तशाच सारसोळ्याला वळल्या. सूक्ष्मदर्शकाचं खोकं जाईने पोटाशी धरलं होतं. पाम बीच रस्ता कलत्या उन्हात लांबच लांब पसरला होता, डावी-उजवीकडचं सगळं विरघळल्यासारखं दिसत होतं. जेट्टीवर ओहोटी लागलेली होती. होड्या चिखलात कलून पडल्या होत्या. आप्पांनी खोकं बघितलं, जाळं बाजूला सारलं, आणि पायऱ्या उतरून चिमूटभर चिखल थोड्या पाण्यात कालवून आणला.

जाईने एक थेंब काचपट्टीवर ठेवला. उलट्या टोपलीवर सूक्ष्मदर्शक मांडला, त्याचा आरसा उजळ आभाळाकडे फिरवला. बराच वेळ डोळा लावून ती चक्र फिरवत राहिली. मग तिने श्वास रोखला.

"आप्पा, हलतंय. सगळं हलतंय!"

आप्पांनी डोळा लावला. त्यांना आधी स्वतःच्याच पापण्या दिसल्या, मग दिसलं. "आयला," ते म्हणाले, आणि थोड्या वेळाने, जसं काही ते आत बघूनच बोलले होते, "मी काय सांगलेलं? जित्ता हाय." मग ते कोणाला तरी सांगायला जेट्टीच्या दुसऱ्या टोकाकडे लगबगीने गेले.

चारुलता पायरीवर बसून होती. दुपारपासून जे गिळलं होतं ते आता बाहेर आल्याशिवाय राहीना. "जाई," तिने विचारलं, "मी तुला कधीच टीचर वाटले नाही का गं?"

जाईला प्रश्नच कळला नाही. टीचर या शब्दाचा आईला इतका जीव का, तेही कळलं नाही. तिने विचार केला, आपल्याला येत असलेलं खरं काय ते शोधलं.

"टीचर म्हणजे ज्यांच्याकडून आपण घरी येतो," ती म्हणाली. "आप्पांकडून येतो, आजींकडून येतो, बाबांच्या पेढीवरून येतो. शाळेतल्या टीचरकडून पण मी घरी यायचे. पळत यायचे." तिने चारुलताकडे पाहिलं. "तुझ्याकडून मी कुठे येऊ?"

चारुलताला रडू आलं, आणि तिने ते येऊ दिलं. तिला वाईट वाटत होतं की बरं वाटत होतं, याचं उत्तर तिला त्या क्षणी कोणीही विचारलं असतं तरी तिने नियमाप्रमाणे हेच सांगितलं असतं, की माहीत नाही. समोर चिखल चमकत होता आणि लांब कुठेतरी पाणी परत फिरायच्या बेतात होतं.

"आई, चल ना, तुझा नंबर," जाई म्हणाली. "ते सुकेल."

चारुलताने पदराने डोळे पुसले. ओल्या डोळ्यांनी त्या नळीतून काही दिसत नाही. मग ती जाईशेजारी गुडघ्यांवर बसली आणि वाकली.